तिथं चालतंय का?

आईसाठी जुना फोन घ्यायचं ठरलं तेव्हा मी एक यादी केली. यादी करायची सवय कामातून लागलेली. तमिळ कादंबरी भाषांतराला घेतली की पहिले आठ दिवस मी फक्त याद्या करते: नात्यांची नावं, झाडं, भांडी, शिव्या. फोनच्या यादीत नऊ मुद्दे होते. फोर-जी हवा. पडदा सहा इंचांच्या आसपास. अक्षर मोठं करता यावं. मेनू मराठीत असावा. खाली तीन बटणांची पट्टी असावी. रॅम निदान तीन जीबी. बॅटरी दिवसभर टिकावी. चार्जर कुठेही मिळेल असा. किंमत पाच हजारांच्या आत. यादी मी फ्रिजवर चुंबकाने लावली. आईने चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाली, "बराच अभ्यास केलास की."

हा 'की' सोलापूरचा. त्याचा अर्थ कौतुक असा होऊ शकतो आणि नाहीही होऊ शकत. मी कौतुक असा घेतला.

आम्ही श्रीपेरुंबुदूरला राहतो. चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याला लागलं की साधारण चाळीस किलोमीटरवर हे गाव. नवरा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. चाकणहून इथे बदली झाली, त्याला अकरा वर्षं झाली. महाराष्ट्रातल्या लोकांना या गावाचं नाव एकाच कारणाने माहीत असतं: २१ मे १९९१ला राजीव गांधींची हत्या इथे झाली. वैष्णवांच्या लेखी हे रामानुजाचार्यांचं जन्मगाव. आणि गेल्या वीस वर्षांत इथल्या तरुण मुलामुलींच्या लेखी हे फोन बनवण्याचं गाव. नोकियाचा कारखाना इथल्या औद्योगिक वसाहतीत २००६ साली सुरू झाला आणि २०१४च्या नोव्हेंबरात बंद पडला. त्याच्या भरभराटीच्या काळात आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या हजारो मुली बारावी-डिप्लोमा करून तिथे लागल्या होत्या. आता जवळच सुंगुवारचत्रमला आयफोन जोडले जातात. संध्याकाळी पाळी सुटली की कंपन्यांच्या बसगाड्या ओळीने हमरस्त्यावर येतात, आणि खिडक्यांमधून ओढण्या आणि गजरे दिसतात. आई आली तेव्हा सुरुवातीला गॅलरीत उभी राहून त्या बसगाड्या मोजायची.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी तिला इथे आणलं. 'आणलं' हाच शब्द बरोबर आहे. सोलापुरात साखर पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. तिथे ती एकटी राहिली असती तर माझी झोप उडाली असती, म्हणून ती इथे आली. येताना तिने तीन गोष्टी आणल्या: देवांचा डबा, शिवणाची कात्री आणि तिचा नोकिया. नोकिया बाबांनी २००९ साली नवी पेठेतून घेतलेला. वर बारका टॉर्च, खाली रबरी बटणं. एकदा मी त्याची बॅटरी काढली तर आतल्या चिठ्ठीवर 'मेड इन इंडिया' असं होतं. त्या काळात नोकियाचा इथला कारखाना म्हणजे हाच, आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवरचा. म्हणजे तिचा फोन माझ्या आधी श्रीपेरुंबुदूरला राहून गेला होता. मी हे तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "माहेरी आलाय म्हण की."

त्या फोनचं पाचाचं बटण बसलं आणि नव्या फोनचा विषय निघाला. पाच गेला म्हणजे मावशीचा नंबर गेला, कारण आई नंबर साठवत नसे, दाबत असे. शिवाय तिकडे भजनी मंडळाचा व्हॉट्सॲप गट झाला होता, आणि कुठल्या घरी कधी भजन याची बातमी तिला मावशीकडून चार दिवसांनी कळायची.

नवा फोन का नाही, असं कुणीही विचारेल. पैसे हे एक कारण. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात वाक्य असं होतं: तिला कशाला नवा? ती शिकणार, पाडणार, पुढे वापरेल न वापरेल. जुना चालेल. तिच्या वाट्याला घरातलं जुनं आपसूक येतं, ताट असो, खुर्ची असो, फोन असो, तसंच हे.

म्हणून आधी घरातले खण उघडले. नवऱ्याचा २०१४चा फोन निघाला. चालू झाला, पण त्यावर अँड्रॉइड ४.४ होतं, आणि २०२५च्या पहिल्या तारखेपासून व्हॉट्सॲपने त्या आवृत्तीची साथ सोडलेली. फोन धडधाकट, आणि ज्या एका कामासाठी हवा तेवढंच काम बंद. दुसरा माझा, २०१७चा. तो मी टेबलावर ठेवला तर डुलायला लागला. पाठ फुगली होती. आतली बॅटरी सुजली होती. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. तो वाळूच्या डब्यात घालून बाल्कनीत ठेवला आणि पुढे ई-कचरा घेणाऱ्याकडे दिला. राहता राहिलं दुकान.

दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. समोर काचेचं कपाट, मागे दुरुस्तीचं टेबल, भिंतीवर देवांचे फोटो आणि शेकड्याने लटकवलेली कव्हरं. दुकान नवरा-बायकोचं, पण जुन्या फोनांची बाजू बाई बघतात. वय पस्तिशीच्या आसपास. आईने पिशवीतून नोकिया काढून काचेवर ठेवला. बाईंनी तो उचलला, अंगठ्याच्या नखाने एका झटक्यात पाठ उघडली, चिठ्ठी वाचली आणि हसून म्हणाल्या, "नम्म फोन."

आपला फोन. तमिळमध्ये 'आपला' आणि 'आमचा' वेगळे आहेत, मराठीसारखेच. ऐकणाऱ्याला धरून म्हणायचं तर 'नम्म'. एकोणिसाव्या वर्षी त्या नोकियात लागल्या होत्या, तपासणीच्या लाइनवर. कारखाना बंद झाला तेव्हा हातात आलेल्या पैशांतून या दुकानाची अनामत भरली. हे त्यांनी दुःखाचं काही सांगतोय अशा सुरात सांगितलं नाही. दिवसाकाठी किती फोन हातांखालून जायचे ते सांगताना मात्र ताठ झाल्या होत्या.

मी यादी वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि तीन फोन काढले. मला त्यातला मधला आवडला. नाव फारसं ऐकलेलं नव्हतं, पण रॅम चार जीबी, पडदा लख्ख, अंगावर ओरखडा नाही, किंमत चार हजार आठशे. माझ्या नऊच्या नऊ मुद्द्यांना उतरत होता. मी आईच्या हातात दिला.

आईने त्याचं जे केलं ते मी आधी पाहिलेलं होतं, फक्त वेगळ्या वस्तूवर. १९८४ साली तिने जुनी शिलाई मशीन घेतली, तेव्हा मी चार वर्षांची होते. ती खरेदी घरात इतक्यांदा सांगितली गेलीय की मला आठवते की ऐकलेली आहे हे सांगता येणार नाही. विकणारा बोलत राहिला आणि आईने आधी चाक हाताने फिरवलं, मग मशीन रिकामी चालवून कान दिला, मग स्वतःच्या पिशवीतली चिंधी घालून टाका बघितला. "टाका बघायचा, माणसाचं बोलणं नाही," हे तिचं तेव्हापासूनचं वाक्य. त्या मशीनवर तिने पेठेतल्या तीन पिढ्यांचे ब्लाऊज शिवले. आता तिने फोन हातात तोलला, पालथा केला, कडेने नख फिरवलं.

"ह्याचं झाकण निघत नाही?"

"आता चिकटवलेलंच असतं," मी म्हणाले.

"मग तेल कुठून घालायचं?"

मी हसले, आणि बाईंना भाषांतर करून सांगितलं. त्याही हसल्या. मग आईने फोन काचेवर ठेवला आणि माझ्याकडे बघत विचारलं, "हा तिथं बिघडला तर? तिथं चालतंय का गं?"

आमच्या घरात 'तिथं' म्हणजे सोलापूर. दीड वर्षात हा शब्द तिने किती वेळा उच्चारला आणि मी किती वेळा विषय बदलला हे मोजलं नाही. दाराला कुलूप आहे, शेजारची किल्ली घेऊन आठवड्याला झाडून काढते, घरपट्टी मी इथून भरते. 'तिथं'बद्दल बोलण्यासारखं एवढंच, असं मी ठरवून टाकलेलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा विचारतायत, बॅटरी किती वेळ चालते?"

माझ्या कामाबद्दल मला लोक विचारतात की अडलं तर काय करता. मी सांगते की एखादा शब्द गाळावा लागला तर तळटीप देते, पण वाक्य बदलत नाही. एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकताना निष्ठा या विषयावर मी वीस पानांचा निबंध लिहिलेला आहे. इथे मात्र मी दोन सेकंदांत एक पूर्ण वाक्य काढून त्या जागी दुसरं ठेवलं, आणि ते इतकं बेमालूम की मलाही क्षणभर तेच मूळ वाटलं. स्वतःला कारणही देऊन झालं: फोन कुठेही चालतो, सोलापुरात न चालायला काय झालं, असा खुळा प्रश्न कशाला विचारायचा.

बाईंनी बॅटरीचं उत्तर दिलं. तेवढ्यात त्यांचा मुलगा मागच्या टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पळाला आणि त्या ओरडल्या, "रेय, इक्कड रा!"

आईने मान वर केली. हे तमिळ नव्हतं. सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांची मोठी वस्ती आहे. गल्लीत मागांची खटखट आणि ओट्यावर तेलुगू. आईची निम्मी गिऱ्हाइकं तिकडची. मापं घेताना, पैसे मागताना, लग्नाच्या गडबडीत बाह्या उसवताना ती चाळीस वर्षं तेलुगू बोलत आली. इथे आल्यापासून तिला मुकं केलं होतं ते तमिळने, आणि मी तिच्यासाठी बोलत होते. हे गाव आंध्रच्या सीमेपासून फार लांब नाही, इथे कित्येक घरांत तेलुगू बोलतात, हे मला माहीत होतं. माझ्या याद्यांमध्ये ते कुठेच आलं नव्हतं.

"बिड्डा," आई काचेवर वाकून म्हणाली, "सोलापूर..." आणि हाताने लांबवर दाखवत, "अक्कड पनिचेस्तदा?"

तिथं काम करेल का? माझं तेलुगू एवढ्यापुरतं आहे.

"पनिचेस्तुंदम्मा," बाई म्हणाल्या. आईचं तेलुगू तेलंगणाचं, बाईंचं वेगळं. 'चेस्तदा'ला 'चेस्तुंदि' भेटलं आणि दोघींनी एकमेकींकडे बघून घेतलं. पुढचं भराभर झालं, मला सगळं कळलं नाही. आईने बोटांनी काहीतरी मोडल्याची खूण केली. बाई एकदम गंभीर झाल्या. मी निवडलेला मधला फोन त्यांनी काचेवरून उचलून परत कपाटात ठेवला आणि खालच्या खणातून चौथा काढला. जरा जाड, पाठीवर एक ओरखडा, रॅम तीन जीबी. मग माझ्याकडे वळून तमिळमध्ये म्हणाल्या, "अक्का, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. मला वाटलं फोन इथेच राहणार."

त्यांनी जे समजावलं ते असं. मधला फोन चांगला, पण त्या कंपनीची विक्री थोडी होती. पडदा फुटला तर इथे त्या चेन्नईच्या रिची स्ट्रीटहून मागवतील, दोन दिवस जास्त लागतील, इतकंच. सोलापुरात तो पडदा शोधत अम्मांनी कुठे फिरायचं? हा चौथा फोन मात्र चार-पाच वर्षांपूर्वी घरोघरी गेलेला. याचा पडदा, चार्जिंगचं तोंड, बॅटरी कुठल्याही तालुक्याच्या गावी लटकत असते, आणि तो उघडायचा कसा हे तिथल्या पोराला झोपेत येतं. जुना फोन घ्यायचा तर सगळ्यात चांगला घेऊ नये, सगळ्यात जास्त खपलेला घ्यावा. बिघडणार तर आहेच. बिघडेल तेव्हा तो कुठे असेल आणि कुणाकडे असेल, हे आधी बघायचं.

म्हणजे मी खुळा म्हणून गाळलेला प्रश्न हाच फोन ठरवणारा प्रश्न होता. नऊ मुद्द्यांची यादी मी पर्समध्ये घातली.

मग त्यांनी तपासणी सुरू केली आणि त्या कारखान्यातल्या लाइनवर कशा दिसत असतील याचा मला अंदाज आला. फोन काचेवर आडवा ठेवून बोटाने गरकन फिरवला: फिरत राहिला तर पाठ फुगलेली, हा थांबला. एक चिन्ह बोटाने धरून पडद्याच्या चारी कोपऱ्यांतून, मग मधून ओढत नेलं: जिथे सुटेल तिथे पडदा मेलेला. चार्जरची पिन घालून हलवली. तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक काढला आणि मला माझ्या फोनवरून केवायएम लिहून पुढे तो क्रमांक टाकून १४४२२ला पाठवायला लावला. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर तिथे कळतं. आधीच्या मालकाचं गुगल खातं काढलंय का ते दाखवलं, नाहीतर फोन पुसल्यावर तो पुन्हा जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो आणि अडून बसतो. बिलावर आयएमईआय क्रमांक लिहिला. एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली: या फोनला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट यायचे आता थांबलेत, तेव्हा मोठं बँक खातं यावर आणू नका, पैसे पाठवायचेच तर हजार-दोन हजार राहतील असं वेगळं खातं ठेवा. आणि आईला तेलुगूतून, दोनदा: पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही. कुणी पैसे देतो म्हणून पिन मागितला तर तो चोर.

शेवटी आईचं बोट. तिची बोटं सुईने टोचून आणि कापडाने घासून गुळगुळीत झालेली. बोटाचा ठसा फोनने चार वेळा नाकारला. पडद्यालाही तिचा कोरडा स्पर्श धड कळेना. बाईंनी तिचा हात हातात घेऊन बोट उलटसुलट बघितलं. ठशाचा नाद सोडून चार आकडी पिन ठेवला. मग सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी बदललं. वयस्कर माणसं बटण दाबल्यासारखी बोट रोवून ठेवतात, फोनला वाटतं त्यांना दुसरंच काही हवंय, आणि भलतीच खिडकी उघडते; किती वेळ धरलं म्हणजे 'धरलं' समजायचं, तो वेळ वाढवता येतो. दहा वर्षं स्मार्टफोन वापरून मला ही सोय माहीत नव्हती. आईने त्यावरून दुकानातूनच मावशीला फोन लावला, कानाला लावून नुसता आवाज ऐकला, "कुठनं बोलतीयस" याला "दुकानातनं" एवढं सांगून ठेवला, आणि मला म्हणाली, "टाका चांगलाय."

चार हजार दोनशेला फोन झाला.

परतताना रिक्षात ती बराच वेळ बाहेर बघत होती. देवळाच्या वळणावर म्हणाली, "तू तिला बॅटरीचं विचारलंस."

मी गप्प.

"मला तमिळ येत नाही. पण बॅटरी कळतं की."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी म्हणाले, "तिथे एकटी कशी राहशील?" ती म्हणाली, "ते नंतर. आधी मी काय म्हटलं ते तर सांग माणसाला." एवढंच बोलून तिने पिशवीतून नवा फोन काढला आणि तो उलटा धरून त्याच्या पाठीवरचा ओरखडा पदराने पुसत राहिली, जणू तो निघणार होता.

त्या वळणावरचं देऊळ आदिकेशव पेरुमाळचं. तिथे रामानुजाचार्यांची जी मूर्ती आहे तिला 'तान् उगंद तिरुमेनी' म्हणतात, म्हणजे त्यांना स्वतःला पसंत पडलेलं रूप. कर्नाटकात मेलुकोट्याला आहे ती 'तमर् उगंद': आपल्या माणसांना पसंत पडलेलं. पहिल्या वर्षी आईला देऊळ दाखवायला नेलं तेव्हा हा भेद मी तिला मोठ्या रसाने समजावून सांगितला होता. एकाच माणसाच्या दोन मूर्ती, एक त्याच्या पसंतीची, एक त्याच्यावर माया करणाऱ्यांच्या. दोन्हींची पूजा होते. त्या संध्याकाळी रिक्षात मला ते आठवलं, पण बोलले नाही. मायेने पसंत केलेल्या वस्तूंनी माझं घर भरलेलं होतं: आईसाठी घेतलेली उशी, आईसाठी घेतलेला मिक्सर, आईसाठी घेतलेली खोली.

पुढचे तीन महिने शिकण्यात गेले. मापांच्या वहीसारखी तिने एक वही केली. कुणाचं नाव, छाती, बाही, उंची लिहायची तशी ती चिन्हांची जागा लिहायची: 'हिरवा गोल, खालून दुसरी ओळ, डावीकडनं पहिला.' ती वाचून शिकत नव्हती, जागेने शिकत होती, जशी मशीनवर न बघता बॉबिन बदलायची. म्हणून एकदा मी हौसेने तिच्या पहिल्या पानावरची चिन्हं नीट रचून दिली तेव्हा तिचा महिन्याभराचा अभ्यास मी पुसला. त्यानंतर तिच्या फोनला हात लावायचा नाही असा नियम झाला. तो तिने केला.

फोन मराठीत असणं हा माझा आवडता मुद्दा होता. तिथेही मी पडले. पहिल्याच दिवशी खिडकी आली: 'अनुमती द्या'. ती म्हणाली, "मी कोण अनुमती देणार?" मग 'रद्द करा'. या शब्दापाशी तिचा हात थांबायचा. रेशनकार्ड रद्द होतं, गाडी रद्द होते, नाव रद्द होतं. तिच्या आयुष्यात 'रद्द' हा शब्द शिक्का मारून आलेला, आणि तो कधी चांगला नव्हता. "रद्द म्हणजे काय रद्द? फोन?" कुणीतरी माझ्यासारख्याच भाषांतरकाराने यादी करून, कोश बघून, बरोबर असा तो शब्द ठेवला असणार. तो बरोबर आहेच. फक्त तो कुठल्या बोटाखाली येणार हे त्याला कुणी सांगितलेलं नसणार. तिने वहीत लिहिलं: 'रद्द = नको.' मी गेली वीस वर्षं शब्दांवर पैसे कमावते आहे; याहून चांगला पर्याय मला अजून सुचलेला नाही.

भजनी मंडळाच्या गटात ती आली. आधी नुसती ऐकायची. मग एक दिवस स्वतःच्या आवाजातला निरोप पाठवला: शुक्रवारी कुणाच्या घरी, पेटी कोण आणणार. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तिच्या आवाजात जो हुकूम होता तो मी दीड वर्षात ऐकला नव्हता. इथे तिचा आवाज माझ्यामार्फत बाहेर जायचा, आणि माझ्यामार्फत जाताना तो विनंतीचा होऊन जायचा. भाजीवाल्याशी, डॉक्टरांशी, शेजारणीशी. मी तिला अतिशय नम्र बाई करून टाकलं होतं. ती तशी कधीच नव्हती.

जूनमध्ये ती गेली. मोठा प्रसंग वगैरे काही झाला नाही. मावशीची नात सोलापुरात कॉलेजला आली, तिला राहायला जागा हवी होती, आईला सोबत. सगळं त्या फोनवर ठरलं, माझ्या माघारी, तासतासभराच्या बोलण्यातून. मला सांगितलं तेव्हा तिकिटाची तारीखही निघालेली होती. मी हरकतींची यादी केली. या वेळी सहाच मुद्दे होते. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "बराच अभ्यास केलास की." आम्ही तिला अरक्कोणमहून मुंबईच्या गाडीत बसवलं. रायचूर गेलं, वाडी गेलं, कलबुर्गी गेलं. प्रत्येक स्टेशनाला तिचा निरोप येत होता, लिहिलेला नाही, पाटीचा फोटो. तीनपैकी दोन हललेले.

तिला तिथे काही झालं तर मी इथून सोळा-सतरा तासांवर आहे. ही गोष्ट कुठल्याच फोनने बदललेली नाही. रात्री फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं.

ऑगस्टमध्ये तिच्या फोनचं चार्जिंगचं तोंड सैल झालं. तिने मला कळवलं ते दुरुस्त झाल्यावर. पेठेच्या कोपऱ्यावरच्या पोराने अर्ध्या तासात अडीचशे रुपयांत बसवून दिलं. भाग त्याच्याकडे होताच. "तिला सांग," आई म्हणाली. 'ती' म्हणजे दुकानातल्या बाई. मग मला सांगू न देताच तिने त्यांच्यासाठी एक निरोप बोलून पाठवला, तेलुगूतून, आणि मला बजावलं, "जसाच्या तसा ऐकव."

मी दुकानात गेले आणि काचेवर फोन ठेवून निरोप लावला. मागे मागांची खटखट, रिक्षाचा हॉर्न, कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय, आणि त्या सगळ्यावर आईचा आवाज, मोठा, अजिबात नम्र नसलेला. बराच मोठा निरोप होता. मला त्यातला शेवटचा एक शब्द कळला: "मंचिगुंदि." चांगलंय.

बाईंनी तो दोनदा ऐकला, हसल्या, माझ्या फोनवरच त्यांनी उत्तर बोलून ठेवलं. काय म्हणालात, असं मी विचारलं नाही. तिथेच उभी राहून तो निरोप पुढे पाठवून दिला.